गोदाम बंद पडलं तर आपलं काय जातं?

(दुधनी येथे जून २०१८ मध्ये झालेल्या जमीन हक्क मेळाव्यातील भाषण. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



मला सांगितलं होतं, गायरानावर बोल. मी गोदामावर बोलणार आहे. मघाशी ताईंना तसं म्हणाले तर त्या म्हणाल्या, अगं आपली चळवळ जमिनीची, गोदाम एकतर सरकारचं नाहीतर शेठचं, त्याचं आपल्याला काय पडलंय? तेच सांगायला उभी राहिलेय. जरा दम धरून ऐका. शेवटी मी गायरानावरच येणार आहे.

दुधनी गाव कशावर चालतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सोलापूरहून वाडीकडं जाणारी रेल्वे, बाजार समिती, आणि भोवतालची काळी जमीन. आपण महाराष्ट्राच्या टोकाला. शीव ओलांडली की कलबुर्गी जिल्हा, तिथं डाळ मिली. तूर, उडीद, मूग, ज्वारी हे आपलं पीक. तुरीला तर इथं निम्मे लोक तोगरीच म्हणतात, आणि भाव कन्नडमध्ये बोलला तरी मराठी माणसाला कळतो. या गावात पैसा येतो तो पोत्यातून येतो. पोतं जिथं थांबतं ती जागा म्हणजे गोदाम.

आता एका पोत्याचा हिशोब करू. शेतकऱ्याची ट्रॉली येते. दोघे जण माल खाली घेतात. चाळणी मारायला दोन बाया लागतात. तोलणारा वजन करतो. एक जण पोत्याचं तोंड धरतो, दुसरा दाभण-सुतळीनं शिवतो. मग पाठीवर पोतं घेऊन थप्पी लावायची, वरच्या थरापर्यंत फळीवरनं चढायचं. फाटक्या बारदानाला ठिगळ लावणारी म्हातारी वेगळीच. रात्री राखणीला माणूस. बाहेर चहाचा गाडा, पंक्चरचं दुकान, टेम्पोवाले, ताडपत्रीवाला, दुपारी भजी तळणारी बाई. माल बाहेर जाताना परत तेवढेच हात. म्हणजे एक पोतं आत जाऊन बाहेर येईपर्यंत पंधरा-वीस घरांत थोडा थोडा पैसा टाकून जातं. यातली दोन-चार घरं सोडली तर बाकीच्यांकडं गुंठाभर जमीन नाही.

माझी आई गोदामात झाडायला जायची. ट्रॉली रिकामी झाली, की खाली सांडलेलं झाडून गोळा करायचं, माती पाखडायची, निवडायचं. चांगलं धान्य परत पोत्यात. राहिलेली झाडण, म्हणजे खडे, फुटके दाणे, माती, यातला काही वाटा झाडणाऱ्या बाईचा. ती झाडण घरी आणून आई परत निवडायची, भिजवून खडा खाली बसवायची. आमच्या घरात डाळ शिजली ती अशी. मी बारावीपर्यंत शिकले त्यात या झाडणीचा वाटा आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आईच्या मजुरीचा मात्र कुठं कागद नव्हता. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. टोळीत नाव असलं, की मंडळाकडं नोंद होते, फंड असतो, भांडायला जागा असते. झाडणाऱ्या बाईचं नाव आमच्या इथं टोळीत कुणी घातलं नाही. आणि हमाल मंडळी इथं आहेत म्हणून तोंडावर सांगते, पारध्याच्या पोराला टोळीत घ्यायला तुम्हीही अजून कचरता. राग मानू नका, पण त्यावर एकदा बसून बोलू.

आमच्या वस्तीच्या शेजारी जे गोदाम आहे ते दोन पावसाळे झाले कुलपात आहे. नाव घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. भाड्यावरनं बिनसलं म्हणतात. खरं कारण काय ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारणारे कोण? एक दिवस माल भरून गाड्या गेल्या, दुसऱ्या दिवशी शटरला कुलूप. हमाल दुसऱ्या गोदामांवर गेले. तिथं आधीच्यांची पाळी निम्म्यावर आली, म्हणजे त्यांचंही नुकसान, आणि भांडणं सुरू. चहाचा गाडा दोन महिने तिथंच उभा होता, मग स्टेशनकडं हलला. वाण्यानं उधारी बंद केली. त्याला दोष देत नाही मी, आठवड्याला पैसा येतो हे बघून तो उधार देत होता. पुढच्या दिवाळीआधी आमच्या वस्तीतली चार घरं मुकादमाची उचल घेऊन कोयत्याला गेली. त्या घरांतल्या पोरांची शाळा नोव्हेंबरात सुटली ती सुटलीच.

आता कुणी म्हणेल, हे एका गोदामाचं झालं. सगळीकडं काय झालं ते बघा.

२०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली होती, आठवतं? तेव्हा सरकार म्हणालं, तूर पेरा. लोकांनी पेरली. २०१६ ला पाऊस बरा झाला आणि महाराष्ट्रात तूर मागच्या साली होती त्याच्या चौपटीच्या वर आली. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये. बाजारात भाव चार हजाराच्या खाली घसरला. त्यामुळं सगळा माल खरेदी केंद्रांवर आला. केंद्रांवर काय? आज बारदाना नाही, उद्या गोदामात जागा नाही. ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या, लोक ट्रॉलीखाली झोपले. मुदत वाढवत वाढवत २२ एप्रिल २०१७ ला खरेदी थांबवली. नंतर ओरड झाली तेव्हा त्या तारखेपर्यंत केंद्रावर आलेली तूर घेऊ म्हणाले. यंदा २०१८ ला हमीभाव ५,४५०. पुन्हा तेच. मागच्या वर्षीची तूर गोदामात पडून, नवी ठेवायची कुठं? १५ मेला खरेदी संपली. नोंदणी करूनही ज्यांची तूर घेतली नाही त्यांना क्विंटलला हजार रुपये देऊ असं जाहीर केलं. आणि गोदामात साठलेली तूर भरडून रेशनला ३५ रुपये किलोनं विकायला काढली.

म्हणजे बघा, एकीकडं जागा नाही म्हणून खरेदी बंद, आणि आमच्या वस्तीशेजारी रिकामं गोदाम, त्यात पारवे आणि उंदीर. मी काही मोठी शिकलेली नाही, पण हे गणित मला कुणी समजावून सांगावं. नंदुरबार-गडचिरोलीकडचे आपले भाऊही हेच सांगतात. तिकडं आदिवासी विकास महामंडळ धान विकत घेतं, आणि गोदामं पुरत नाहीत म्हणून धान उघड्यावर ताडपत्रीखाली पडून असतो.

गोदाम असल्यानं शेतकऱ्याला काय मिळतं? थांबायला मिळतं. तूर निघते तेव्हा सगळ्यांची एकदम निघते आणि भाव पडतो. ज्याला थांबता येतं त्याला पुढं चार पैसे जास्त मिळतात. त्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, १९९०-९१ पासूनची. बाजार समितीच्या नाहीतर वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिने मुदत, सहा टक्के व्याज. दहा क्विंटल तूर ठेवली, किंमत पन्नास हजार धरा. साडेसदतीस हजार हातात येतात. सहा महिन्यांचं व्याज अकराशे पंचवीस रुपये. तेच पैसे सावकाराकडनं शेकड्याला तीन रुपये महिन्यानं घेतले, तर सहा महिन्यांत सहा हजार साडेसातशे व्याज होतं. एवढा फरक आहे. पण गोदामाला कुलूप असेल तर ही योजना भिंतीवर लावायच्या कागदापुरतीच राहते. माल घरात ठेवायचा तर टोके लागतात. पत्र्याच्या खोलीत माणसं झोपायची की पोती ठेवायची? मग आडत्याकडं नेऊन मिळेल त्या भावानं घालायचा. त्याची उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळं तोंड उघडायची सोय नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. सांगू की नको असं झालं होतं, पण आई म्हणाली, सांग.

माझा बा त्याच गोदामावर रात्रीची राखण करायचा. राखण पारध्याला द्यायची ही जुनी रीत. लोक एकीकडं आपल्याला चोर म्हणतात आणि दुसरीकडं आपल्याच हातात रात्रीचा कंदील देतात. सात वर्षं बानं राखण केली, एक दाणा गेला नाही. कुलूप लागलं त्या दिवशी त्याला सांगितलं, उद्यापासनं येऊ नको. महिन्याचे राहिलेले पैसे नंतर देतो म्हणाले, ते अजून नंतरच आहेत. बिनराखणीच्या गोदामाचे मागचे पत्रे सहा-सात महिन्यांनी कुणीतरी काढून नेले, आतला वजनकाटाही गेला. पहाटे गाडी आली ती सरळ आमच्या पालावर. का तर, याला आतली माहिती आहे. तीन दिवस बा घरी नव्हता. चौथ्या दिवशी आला तेव्हा त्याला खाली बसता येत नव्हतं. गुन्हा नोंदवला नाही, सोडून दिला. पत्रे कुणी नेले ते पुढं गावाला कळलं, पण बाला कुणी येऊन, आमचं चुकलं, म्हणालं नाही. त्याच्यावर कागद नाही, त्यामुळं तक्रार कशाची करायची असंही वकील म्हणाले.

गोदाम बंद पडलं तर गावाचा धंदा जातो. आपल्या वस्तीचा धंदा तर जातोच, वरनं बंद गोदामाच्या शेजारी राहतो हाच आपला गुन्हा होतो.

आपल्या लोकांना हे नवीन नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, त्याखाली सोलापूरला सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणात माणसं ठेवायची, हजेरी घ्यायची आणि गिरणीत कामाला पाठवायची. १९५२ ला तार काढली. पुढं सोलापूरच्या मोठ्या गिरण्याही एकामागनं एक बंद पडल्या. सोलापुरातले जुने लोक सांगतात, गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा घड्याळ थांबल्यासारखं झालं, खानावळी बसल्या, चाळीतली भाडी थकली. गिरणी कामगार निदान देणी मागायला मोर्चा काढू शकला, कारण त्याच्याकडं हजेरीचं कार्ड होतं. माझ्या बाकडं काय होतं? एक शिट्टी आणि काठी.

आता गायरानावर येते.

आपल्यातली बरीच घरं गायरान कसतात. दोन एकर, अडीच एकर, आजाच्या काळापासनं. त्यात तूर पिकते, चांगली पिकते. त्या तुरीचं काय होतं? खरेदी केंद्रावर नोंदणी करायला सातबारा लागतो, त्यावर पिकाची नोंद लागते, आधार आणि बँकेचं पासबुक लागतं. पासबुक आहे, आधार आहे. सातबारा नाही. गोदामात माल तारण ठेवायचा, तरी सातबारा. यंदाचे क्विंटलला हजार रुपये मिळायचे, तरी नोंदणी, म्हणजे पुन्हा सातबारा. गोदाम उघडं असलं तरी पोतं उचलायला आपण आत, आणि पोतं विकायला बाहेर.

मग आपण काय करतो? दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर माल घालतो आणि त्याचा हिस्सा देतो. तो तयार झाला नाही तर आडत्याला देतो. पाच क्विंटल तूर ३,८०० नं दिली आणि हमीभाव ५,०५० होता, तर सहा हजार दोनशे पन्नास रुपये तिथंच गेले. आमच्यासारख्या घरात तेवढ्यात वर्षाची ज्वारी येते. २०१७ ला व्यापाऱ्यांनी लोकांचे सातबारे गोळा करून आपली तूर केंद्रावर घातली असे आरोप झाले, पेपरात रोज येत होतं, सरकारनं चौकशी लावली. म्हणजे ज्यानं एक दाणा पिकवला नाही त्याच्या हातात सातबारा, आणि ज्यानं पिकवलं त्याच्या हातात विळा.

काही जण म्हणतात, पलीकडं कर्नाटकात जाऊन विका, तिथल्या सरकारनं वर बोनस दिलाय. बरोबर आहे, दिलाय. पण तिथं तिथल्या जमिनीचा उतारा मागतात. इथला नाही तिथं तिथला कुठनं आणायचा?

म्हणून मी म्हणते, बंद गोदामं उघडा ही मागणी आपल्या मागणीपत्रात आली पाहिजे, आणि ती जमिनीच्या मागणीच्या शेजारी आली पाहिजे, कुठंतरी खाली तळाला नको. नुसती जमीन नावावर झाली आणि तूर ठेवायला जागा नसली, तर आडत्या आपली वाट बघत बसलेलाच आहे. नुसतं गोदाम उघडलं आणि सातबारा नसला, तर आपण परत झाडणीवर. आणि गोदाम बंद करताना तिथं काम करणाऱ्याला, मग तो टोळीत असो की आईसारखी झाडणारी असो, आधी कळवलं पाहिजे, राहिलेली मजुरी त्याच दिवशी दिली पाहिजे. राखणदाराला हजेरीचा कागद मिळाला पाहिजे. हे फार मोठं मागणं नाही.

आता जमिनीचं कुठं अडलंय ते थोडक्यात. मागासवर्गीय भूमिहीनांनी १४ एप्रिल १९९० पर्यंत सरकारी पडीक आणि गायरान जमिनीवर शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तेव्हापासनं लोक तुरुंगात गेले, त्याचं हे फळ. पण तलाठ्याकडं गेलं की २०११ चा कागद दाखवतात. जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टाचा पंजाबातल्या एका गावाच्या केसमध्ये निकाल आला, गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून, आणि १२ जुलै २०११ ला आपल्या राज्यानं निर्णय काढला. त्या निकालात कोर्टानं भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवलाय. ते वाक्य कुणी वाचून दाखवत नाही. आपण ते मराठीत लिहून घेतलंय, आज सगळ्यांना देतोय. तलाठ्यापुढं ठेवा आणि पोच घ्या.

येत्या सोमवारी अक्कलकोटला तहसीलवर जायचंय. तलाठ्याकडं गाव नमुना एक-ई असतो, त्यात अतिक्रमणाची नोंद असते. त्याची नक्कल मागायची, अर्ज करून मागायची. १९९० च्या आधीची दंडाची पावती ज्यांच्याकडं असेल त्यांनी ती शोधा. पत्र्याच्या पेटीत, गोधडीच्या घडीत, देवाच्या डब्यात, कुठंही असेल. तेव्हा दंड भरला म्हणून आज्या-आजोबांना वाईट वाटलं असेल, आता तोच आपला पुरावा आहे. माझ्या आजाच्या नावाची १९८८ ची पावती बाच्या पेटीत सापडली. दंड सहा रुपये. आईनं ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, झाडणीच्या डाळीच्या डब्यात खाली ठेवली होती, उंदरानं खाऊ नये म्हणून.

सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, साहेब कितीही गोड बोलले तरी. हमाल मंडळींनी आपल्या बंद गोदामांची यादी करून आणा, कुठलं, कधीपासनं बंद, किती जण होते कामाला. सकाळच्या गाडीनं निघायचं. भाकरी आणि पाणी बरोबर घ्या, तिथं दिवस जातो.